पुडीतल्या गोळीलाही नाव असते

आपल्या वस्त्यांमध्ये औषध पुडीतून येते. दवाखान्यातल्या कंपाउंडरने कागदाच्या तुकड्यात बांधून दिलेल्या सहा गोळ्या, नाहीतर मेडिकलवाल्याने पाकीट कात्रीने कापून हातावर ठेवलेल्या चार गोळ्या. पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळी रात्री, लाल कॅप्सूल जेवणाआधी. गोळीचे नाव काय, ती कशासाठी आहे, खाल्ल्यावर अंगावर काही उठले तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आम्ही गेली दहा वर्षे मराठवाड्यातल्या एका शहराच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या प्रश्नावर काम करत आहोत. या न सांगण्या-न विचारण्याची किंमत माणसे कशी मोजतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून लेखाचा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. आपण कोणती गोळी खातो आहोत हे कळणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि चळवळीने तो रेशन, शिष्यवृत्ती आणि घरकुलाच्या हक्काइतक्याच गांभीर्याने मागितला पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, ॲट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात पडून आहेत, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही हा गोळीचा विषय कुठून काढला? त्यांना विनंती एवढीच की लेख शेवटपर्यंत वाचा.

अँटिबायोटिक म्हणजे शरीरातल्या जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध. या औषधांनी जगभर कोट्यवधी जीव वाचवले. न्यूमोनियाने जाणारी लेकरे, बाळंतपणानंतर तापाने जाणाऱ्या बाया, क्षयाने खंगणारे गिरणी कामगार, यांत आपली माणसे किती होती हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यामुळे हा लेख औषधांच्या विरोधात नाही. पण प्रत्येक औषधाची दुसरी बाजू असते. अँटिबायोटिकमुळे काहींच्या अंगावर साधे पुरळ उठते आणि जाते. काहींना ओठावर किंवा मांडीवर गोल काळा चट्टा येतो. तेच औषध पुन्हा घेतले की चट्टा पुन्हा त्याच जागी उठतो. आणि फार थोड्या लोकांच्या बाबतीत अंगाची कातडीच सुटू लागते.

या शेवटच्या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकेतल्या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९२२ साली दोन मुलांच्या आजाराचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. याच आजाराच्या अधिक भयंकर रूपाला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. त्याचे वर्णन ॲलन लायल या स्कॉटिश त्वचारोगतज्ज्ञाने १९५६ साली केले. ते वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. आता या कारणानेही लक्षात ठेवावे. यात औषधामुळे शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी बिथरतात आणि त्वचेच्या पेशींना मारू लागतात. त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, फोड येतात, हात लावला तरी साल निघते. तोंड, डोळे, लघवीची जागा, सगळीकडे आतले अस्तर सोलून निघते. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागाची कातडी सुटली तर पहिला प्रकार, ३० टक्क्यांच्या वर गेली तर दुसरा, आणि मधले ते दोन्हींच्या सीमेवरचे. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, यावरून अंदाज करा. पहिल्या प्रकारात १०० रुग्णांतले साधारण ५ ते १० दगावतात, दुसऱ्यात ३० किंवा त्याहून जास्त.

हा आजार दुर्मिळ आहे हे खरे. दहा लाख लोकांत वर्षाला मोजकेच रुग्ण सापडतात. पण दहा लाखांत एक धरला तरी १४० कोटींच्या देशात वर्षाला १,४०० माणसे होतात. दुर्मिळ हा शब्द ज्याच्या घरात आजार येत नाही त्याच्यासाठी असतो.

कोणती औषधे? अँटिबायोटिकमध्ये सर्वात बदनाम आहे सल्फा गटातले कोट्रायमोक्साझोल. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम अशा नावांनी ते वर्षानुवर्षे विकले गेले आहे. त्यानंतर सेफॅलोस्पोरिन, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ६६ वर्षे व त्यापुढच्या वयाच्या लोकांची वीस वर्षांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही सल्फा आणि सेफॅलोस्पोरिन या दोन गटांचाच धोका सर्वात ठळक दिसला. अँटिबायोटिकशिवाय फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सांध्यांतल्या युरिक ॲसिडवरचे ॲलोप्युरिनॉल आणि एचआयव्हीवरचे नेव्हिरापिन यांचीही नावे या यादीत येतात.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. ही प्रतिक्रिया गोळी खाल्ल्या-खाल्ल्या उठत नाही. बहुतेकदा औषध सुरू केल्यापासून ४ दिवस ते ४ आठवडे एवढ्या काळात ती दिसू लागते. आधी ताप, घसा दुखणे, डोळ्यांची आग. साधा फ्लू वाटावा असे. मग कातडी दुखू लागते आणि चट्टे उठतात. तोपर्यंत पुडी संपलेली असते, कागद चुलीत गेलेला असतो, आणि त्या गोळीची आठवणही कोणाला राहिलेली नसते. ज्याच्या हातात नाव लिहिलेली चिठ्ठी आहे तो दहाव्या दिवशीही सांगू शकतो की मी अमुक औषध घेतले होते. ज्याच्या हातात पुडी होती तो काय सांगणार?

तीन वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या वस्तीत हेच घडले. पन्नाशीच्या एक मावशी कंत्राटदाराकडे रस्ता झाडण्याच्या कामावर होत्या. पहाटे पाचला निघायचे, दुपारी परतायचे, वाटेत बाईमाणसाला लघवीला जाण्याची सोय कुठेही नाही. पाणी कमी प्यायचे, लघवी धरून ठेवायची. अशा बायांना उन्हाळी लागणे, लघवीची आग होणे हे नेहमीचे दुखणे. मावशींनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून पुडी आणली, पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, आग थांबली. नवव्या दिवशी ताप आला आणि डोळे चिकटू लागले. त्या पुन्हा त्याच दवाखान्यात गेल्या. तिथे तापाचे इंजेक्शन दिले आणि "इन्फेक्शन अजून गेलं नाही" म्हणून त्याच गोळ्या आणखी तीन दिवसांच्या बांधून दिल्या.

अकराव्या दिवशी तोंडात फोड आले, छातीवर आणि पाठीवर काळपट चट्टे उठले. शेजारच्या म्हातारीने सांगितले, देवी निघाल्यात. घर बौद्धांचे, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांची तसबीर, तरीही उंबऱ्यावर लिंबाचा पाला आला आणि तेलाची फोडणी बंद झाली. आमच्यापर्यंत निरोप आला तेव्हा आणखी दोन दिवस गेले होते. आम्ही पोचलो तर सून दारातच म्हणाली, "ताई, आत्याबाईला पाणी बी गिळंना. पाठीची कातडी चादरीला चिकटून येतीय."

आम्ही रिक्षा करून त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. निवासी डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने एका नजरेत ओळखले. पहिला प्रश्न तोच: "गेल्या महिन्याभरात कुठली कुठली औषधं घेतली?" मावशींचा मुलगा हात जोडून उभा. म्हणाला, "मॅडम, पांढरी गोळी होती. मोठी." डॉक्टर बाई चिडल्या नाहीत, पण त्यांनी जे सांगितले ते आमच्या कायम लक्षात राहिले. त्या म्हणाल्या, "पांढऱ्या गोळ्या हजार असतात, दादा. कुठली ते कळल्याशिवाय आम्ही पुढे कुठली टाळायची?"

आम्ही त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी "आम्ही साधं औषध दिलं होतं" एवढेच सांगितले. केसपेपर नाही, चिठ्ठी नाही, पावती नाही. संध्याकाळी तिथला कंपाउंडर, आपल्याच समाजाचा बारावी झालेला पोरगा, गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "ताई, माझं नाव घेऊ नका. सल्फाची होती, डबल स्ट्रेंथची." ते नाव रात्री केसपेपरवर चढले, म्हणजे पहिला फोड आल्यावर तीन दिवसांनी.

मावशी वाचल्या. भाजलेल्या माणसासारखी त्यांची शुश्रूषा करावी लागली. सलाइन, नाकातून नळीने अन्न, रोज जखमा झाकणे, तासातासाला डोळ्यांत औषध. तीन आठवड्यांनी घरी आल्या तेव्हा अंगावर नवी कातडी आली होती, पण डोळे कायमचे कोरडे झाले होते. या आजारातून वाचलेल्या अनेकांच्या डोळ्यांना असेच होते. पापणीच्या आत व्रण राहतात आणि उजेड सहन होत नाही. रस्ता झाडणाऱ्या बाईला ऊन सहन होत नसेल तर तिने काय करायचे? कंत्राटदाराने तिसऱ्या दिवशीच दुसरी बाई लावली होती.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला टॅलकॉट पार्सन्सची १९५१ सालची मांडणी शिकवली होती. आजारी माणसाची समाजात एक भूमिका असते, असे तो म्हणतो. आजारी माणसाला नेहमीच्या कामातून सूट मिळते, आणि त्या बदल्यात त्याने जाणत्याकडे जाऊन उपचाराला साथ द्यायची असते. आमच्या वस्तीत या भूमिकेचा पहिला अर्धा भाग कोणालाच मिळत नाही. कंत्राटावरच्या बाईला कसली सूट? दुसरा अर्धा मात्र सक्तीने पाळून घेतला जातो, आणि साथ देणे याचा अर्थ तोंड बंद ठेवणे असा लावला जातो.

हे तोंड बंद कोणी केले? फक्त गरिबीने, असे म्हणून सुटता येणार नाही. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या काही गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तपासताना आणि औषध देताना स्पर्श टाळला जातो, वेळ कमी दिला जातो, हे त्यात नोंदवले आहे. ज्या हाताला स्पर्श व्हायला नको त्या हातावर गोळी वरून टाकली जाते. जो वरून टाकतो तो समजावून सांगत नाही, आणि ज्याच्यावर टाकली जाते त्याला "हे काय आहे?" असे विचारण्याचा धीर पिढ्यान्पिढ्या झालेला नसतो. शहरात ही अस्पृश्यता उघड दिसत नाही, पण "तुला सांगून काय कळणार आहे?" या वाक्यात ती शिल्लक आहे. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पहिल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' ठेवले. आपण सभेत बोलायला शिकलो, कोर्टात बोलायला शिकलो. दवाखान्याच्या टेबलासमोर आपण अजून मुकेच आहोत.

गरिबाला स्वस्त औषध द्यायचे आणि त्याचे पुढे काय होते ते पाहायचे नाही, याला मोठा इतिहास आहे. क्षयरोगावर थायासिटाझोन नावाची गोळी होती. तिचा मोठा गुण म्हणजे ती अतिशय स्वस्त होती. आपल्याकडे १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, त्यात आयसोनियाझिडबरोबर हीच गोळी वर्ष-दीड वर्ष दिली जात असे. श्रीमंत देशांनी तिच्या दुष्परिणामांमुळे तिला जवळजवळ बाजूला ठेवले होते. गरीब देशांत ती चालू राहिली. मग एचआयव्हीची साथ आली. केनियाच्या नैरोबी शहरातल्या रुग्णांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या क्षयरुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला या गोळीने त्वचेची प्रतिक्रिया आली, काहींचा त्यात जीव गेला. एचआयव्ही नसलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. त्यानंतर एचआयव्ही असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या रुग्णाला ही गोळी देऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले.

ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. नैरोबीत हे सत्य बाहेर आले, कारण कोणत्या रुग्णाने कोणती गोळी खाल्ली याची तिथे नोंद होती. नाव लिहिलेले होते म्हणून गुन्हेगार सापडला. आपल्या वस्तीतल्या पुड्यांवर नाव नाही, त्यामुळे कोणाला काय झाले हे कधी मोजलेच जात नाही. जे मोजले जात नाही ते घडत नाही असे सरकार धरून चालते. जातीच्या जनगणनेची मागणी करताना आपण हाच युक्तिवाद करतो. तो औषधालाही लागू आहे.

"देवी निघाल्या" या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. देवीचा रोग या देशातून गेला. शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले आणि १९७७ साली भारत देवीमुक्त असल्याचे जाहीर झाले. रोग गेला पण शब्द राहिला, आणि शब्दाबरोबर उपचार राहिला: लिंबाचा पाला, गार पाणी, आणि दवाखान्यात न नेणे. त्या शेजारच्या म्हातारीवर आमचा राग नाही. तिला कोणी दुसरा शब्द दिलाच नव्हता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पाला येतो तेव्हा फक्त श्रद्धेला दोष देऊन भागत नाही; रिकामी जागा कोणी भरली नाही म्हणून जुना शब्द तिथे जाऊन बसतो.

आणखी एक अडचण आपल्या रंगाची आहे. पुस्तकात लिहिलेले असते "लाल चट्टे". गोऱ्या कातडीवर ते लाल दिसतात. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ते जांभळट, काळपट किंवा राखाडी दिसतात, आणि सुरुवातीला दिसतही नाहीत. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मलोन मुक्वेंडे या कृष्णवर्णीय तरुणाने हीच तक्रार केली, की आजाराची चित्रे सगळी गोऱ्यांच्या अंगावरची दाखवतात. त्याने शिक्षकांना बरोबर घेऊन २०२० साली काळ्या व सावळ्या त्वचेवर लक्षणे कशी दिसतात याची पुस्तिका तयार केली. आपल्या पोरांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. शिकता शिकताच त्याने अभ्यासक्रमाला प्रश्न विचारला.

आता न्यायाचा मुद्दा. १९९८ साली अनुराधा साहा या अमेरिकेत राहणाऱ्या बालमानसशास्त्रज्ञ कोलकात्याला आल्या असताना त्यांच्या अंगावर पुरळ उठले. पुढे तो टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस निघाला. पुरळ कशाने उठले हा त्या खटल्याचा विषय नव्हता. उपचार कसे झाले हा होता. त्यांना दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शने फार मोठ्या मात्रेत दिली गेली. मुंबईला हलवल्यावर २८ मे १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. वय ३६. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा स्वतः डॉक्टर. त्यांनी लढा दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा झाल्याचे मान्य केले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. या देशातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांतला हा मैलाचा दगड आहे. पण जरा विचार करा. अमेरिकेत राहणारा, स्वतः डॉक्टर असलेला, वैद्यकीय ग्रंथ कोर्टापुढे मांडू शकणारा माणूस. त्याला पंधरा वर्षे लागली. त्याच्याकडे इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि तारीख कागदावर होती. मावशींच्या मुलाकडे काय होते? "पांढरी गोळी होती, मोठी." या वाक्यावर कोणता वकील केस उभी करील?

म्हणून आम्ही म्हणतो, नाव ही न्यायाची पहिली पायरी आहे. आणि कायदा आपल्या बाजूने आहे. बहुतेक अँटिबायोटिक शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झाले. त्यातल्या अँटिबायोटिक व क्षयरोगाच्या औषधांची विक्री मेडिकलवाल्याने रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवायची आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणे आणि आपली कागदपत्रे मिळणे हे त्यातले हक्क आहेत. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाच्या कलम ४७ मध्ये लिहिलेले आहे. कागदावर सगळे आहे. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत आणण्याचे काम आपले आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला: "हे बोगस डॉक्टरांचे काम आहे, त्यांना हाकला." बोगस डॉक्टर हाकलले पाहिजेत, यात वाद नाही. पण ही प्रतिक्रिया मोठ्या पदवीच्या डॉक्टरने योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत दिलेल्या औषधानेही येऊ शकते. ती कोणाला येईल हे बहुतेक औषधांच्या बाबतीत आधी सांगता येत नाही. म्हणून प्रश्न फक्त पदवीचा नाही. प्रतिक्रिया आली तर ती वेळेवर ओळखून औषध थांबवता येईल का, हा आहे. औषध जितके लवकर बंद होते तितकी वाचण्याची शक्यता वाढते, असे फ्रान्समधल्या रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. मावशींना चट्टे उठण्याच्या आधी ताप आला तेव्हा तीच गोळी पुन्हा बांधून दिली गेली, इथे घात झाला.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच काही घेतात: "इंग्रजी औषधच नको, झाडपाला बरा." हा पळवाटेचा विचार आहे. न्यूमोनिया झालेल्या लेकराला झाडपाल्यावर ठेवणे म्हणजे दुसऱ्या दाराने तोच मृत्यू घरात घेणे. आणि जडीबुटीच्या पुडीवर तरी कुठे नाव असते? औषधाला घाबरण्याने हक्क मिळत नाही. औषध ओळखण्याने मिळतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आमच्या वस्तीत गेल्या वर्षावासात एका रविवारी विहारात आम्ही सगळ्यांना घरातल्या पुड्या आणि पाकिटे घेऊन बोलावले. बहुतेक पुड्यांवर नाव नव्हते. कापलेल्या पाकिटांवर अर्धेच नाव होते, कारण कात्री नेमकी नावावरून फिरली होती. त्या दिवशी जे ठरले ते असे.

पहिले, डॉक्टरने गोळी दिली की नाव लिहून मागायचे. "डॉक्टरसाहेब, पुढे दुसरीकडे दाखवावं लागलं तर सांगता यावं म्हणून नाव लिहून द्या," एवढेच म्हणायचे. भांडायचे नाही, पण नाव घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही. दुसरे, मेडिकलमधून पावती घ्यायची आणि पाकीट कापण्याआधी मोबाइलमध्ये नाव दिसेल असा त्याचा फोटो काढायचा. फोन आज प्रत्येक घरात आहे. तिसरे, नवे औषध सुरू केल्यापासून महिनाभरात ताप आणि डोळ्यांची आग, तोंडात फोड, दुखणारी कातडी, चट्टे किंवा सुटणारी साल दिसली तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचे. संशय असलेली अँटिबायोटिक गोळी तेवढी पुढे खायची नाही. क्षयरोग, फिट्स किंवा एचआयव्हीची औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने सोडायची नाहीत, पण त्याच दिवशी केंद्रावर जाऊन दाखवायचे आणि काय थांबवायचे ते डॉक्टरला ठरवू द्यायचे. अंगाला तेल, हळद, पाला काही लावायचे नाही. चौथे, एकदा प्रतिक्रिया आलेल्या माणसाने त्या औषधाचे मूळ नाव कार्डावर लिहून कायम जवळ ठेवायचे. कंपनीचे नाव बदलते, मूळ नाव बदलत नाही. पाचवे, तक्रार नोंदवायची. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत क्रमांक. नोंद डॉक्टरच करू शकतो असे नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात, आणि त्याचा अर्ज मराठीतही आहे. मावशींची नोंद आम्ही केली. निदान एका आकड्यात तरी त्या मोजल्या गेल्या.

मावशी आता घरीच गोधड्या शिवतात, दुपारी खिडकीला पडदा लावून. मागच्या पावसाळ्यात खोकला झाला म्हणून त्या दुसऱ्या एका मेडिकलवर गेल्या. त्याने पाकीट काढून कात्री लावली. मावशींनी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढले आणि म्हणाल्या, "दादा, आधी यात बघा, हेच तर नाही ना?" नाव कंपनीचे वेगळे होते, आतले औषध तेच होते. त्याने गोळी परत ठेवली आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवले. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. कार्डावरचे अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण ते दाखवायचे कोणाला आणि कधी हे त्या शिकल्या आहेत.

या वर्षावासात आपापल्या विहारात एक रविवार या कामाला द्या. पांढरा कागद, पेन आणि दोन शिकलेली पोरे एवढेच लागते. कार्डाचा नमुना हवा असेल तर आम्हाला कळवा, आम्ही पाठवू.

जय भीम.